फोन बापाचा, खेळ पोराचा

२००३ च्या उत्तरार्धात नोकियानं दोन फोन काढले. एकाचं नाव एन-गेज, दुसऱ्याचं नुसतंच ११००. एन-गेजमध्ये रंगीत पडदा होता, गाणी वाजत, एफएम रेडिओ लागे, ईमेल होता, ब्लूटूथ होतं, आणि या सगळ्यावर कळस म्हणजे कार्ड घालून खेळायचे मोठमोठे गेम होते. ७ ऑक्टोबरला तो बाजारात आला तेव्हा त्याची किंमत २९९ डॉलर होती. ११०० मध्ये बोलायची, मेसेज पाठवायची आणि गजर लावायची सोय होती. डोक्यावर छोटा टॉर्च, धूळ आत शिरू नये म्हणून एकसंध रबरी कीपॅड, घामेजल्या हातातून निसटू नये म्हणून खरखरीत कडा. पडदा काळा-करडा, ९६ बाय ६५ ठिपक्यांचा. एन-गेज खेळणाऱ्यांचा फोन म्हणून विकायला ठेवला होता. ११०० होता तो ज्यांना फक्त फोन हवा होता त्यांच्यासाठी.

पुढं ११०० पंचवीस कोटींहून जास्त खपला. एन-गेज ठरवलेल्या आकड्याच्या आसपासही फिरकला नाही आणि दोन-तीन वर्षांत कंपनीनं तो गुंडाळला. पण न खेळणाऱ्यांच्या त्या ११०० मध्येही दोन खेळ होते, साप आणि ‘स्पेस इम्पॅक्ट’. धुळे-जळगावकडच्या कितीतरी पोरांनी आयुष्यातला पहिला इलेक्ट्रॉनिक खेळ खेळला तो याच टॉर्चच्या फोनवर. खेळासाठी खास घडवलेल्या एन-गेजचं नावसुद्धा इकडं फारसं कुणाच्या कानावर आलं नाही.

एका यंत्राला दहा कामं लावली की खेळाला तडजोड करावी लागते का, हा प्रश्न जपान-अमेरिकेत कारागिरीचा समजला जातो. बटणं किती, पडदा केवढा, बॅटरी किती तास. खान्देशात त्याच्याआधी एक प्रश्न उभा होता, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे: यंत्र कुणाचं? कारण दोन कामं एकाच वेळी आली की कुठलं काम मागं सरणार हे यंत्र ठरवत नाही, यंत्राचा मालक ठरवतो.

हातातल्या खेळाचा जन्मच मुळी दुसऱ्या कामाच्या यंत्रातून झाला. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांना जपानच्या वेगवान रेल्वेत एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला दिसला आणि त्यावरून त्यांना खिशातल्या खेळाची कल्पना सुचली, अशी हकिगत सांगतात. २८ एप्रिल १९८० रोजी त्यांचं ‘गेम अँड वॉच’ बाजारात आलं. पडदा कॅल्क्युलेटरचाच, आणि नावातच घड्याळ. खेळून झालं की ते वेळ दाखवी. या मालिकेची ४ कोटी ३४ लाख यंत्रं विकली गेली. त्याच साली कॅसिओनं उलट बाजूनं वाट काढली. त्यांच्या एमजी-८८० या कॅल्क्युलेटरमध्ये पडद्याच्या उजवीकडून आकडे चाल करून येत. एका बटणानं तोच आकडा समोर आणायचा आणि दुसऱ्या बटणानं ते पाडायचे. हिशेबाचं यंत्र आणि खेळाचं यंत्र असं वेगळं काही असतं, हे तेव्हा कुणी ठरवलेलंच नव्हतं.

जळगावच्या सराफ बाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर कॅल्क्युलेटर गल्ल्याशेजारी असे. सुटीत दुकानावर बसवलेलं पोरगं त्यावर आकडे मारून यंत्र उलटं धरी आणि त्यात इंग्रजी अक्षरं वाची. गिऱ्हाईक आलं की खेळ बंद. यंत्र दुकानाचं होतं. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण एकानं अनेक धंदे करावेत यात खान्देशाला नवल नव्हतं. अमळनेरला १९४५ साली शेंगदाण्याच्या तेलापासून वनस्पती तूप करायला निघालेली कंपनी पुढं विप्रो झाली आणि संगणकात शिरली. अमळनेरकरांनी तिचे शेअर सांभाळले, तेल की संगणक हा वाद घातला नाही.

फक्त खेळण्यासाठी असं यंत्र निन्टेन्डोनं २१ एप्रिल १९८९ रोजी आणलं, गेम बॉय. योकोई यांचाच हात. पडदा हिरवट, चार छटांचा, त्यात दिवासुद्धा नाही. पण चार पेन्सिल सेलांवर तो दहा-पंधरा तास सहज चाले. पुढच्याच वर्षी सेगाचा गेम गिअर आला. रंगीत, उजळ पडदा, वर जोडणी लावली की टीव्हीसुद्धा दिसे. सहा सेल खाई आणि तीन-पाच तासांत मान टाकी. बाजारानं कौल दिला तो गेम बॉयला. योकोई म्हणत, की जुनं होऊन स्वस्त झालेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. दर महिन्याला सेल विकत घ्यावे लागणाऱ्या घरात हे तत्त्वज्ञान समजावून सांगावं लागत नाही.

गेम बॉय खान्देशात आला असेल तर परदेशातून आलेल्या एखाद्या पाहुण्याच्या बॅगेतून. इकडं आला तो त्याचा गरीब चुलतभाऊ, चिनी बनावटीचा ब्रिक गेम. सुरतेला उधना-लिंबायतकडं कामाला गेलेली खान्देशी माणसं सुटीला भुसावळच्या गाडीनं घरी येत तेव्हा पिशव्यांत साड्यांबरोबर अशा वस्तूही येत. मुंबईहूनही येत. मग ते जत्रांत दिसू लागले. धुळ्याला पांझरेकाठी एकवीरादेवीच्या यात्रेत, अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या यात्रेत, जळगावच्या रथोत्सवात, पाण्यातल्या रिंगांच्या खेळण्याशेजारी हा इलेक्ट्रॉनिक खेळ टांगलेला असे. दहा ठिपके रुंद, वीस ठिपके उंच पडदा. डब्यावर ‘९९९९ इन १’ छापलेलं. प्रत्यक्षात खेळ मूठभरच, तेच वेग आणि अडचण वाढवून मोजलेले. रशियाच्या अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली रचलेला टेट्रिस हा त्यातला खरा खेळ, बाकीचे त्याच्या भरवशावर आलेले.

ब्रिक गेमचं मोठेपण असं, की ते पोराच्या स्वतःच्या मालकीचं पहिलं इलेक्ट्रॉनिक यंत्र होतं. त्यावर कुणाचा फोन येत नव्हता, कुणाचा हिशेब अडत नव्हता. दुसरं एकही काम त्याला येत नसल्यामुळे ते काढून घ्यायला घरात कुणाला कारणच नव्हतं. तडजोड होती ती सेलांची. दोन पेन्सिल सेल संपले की पोराची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं जाई. घड्याळ बंद पडलेलं दिसलं की आई आधी पोराचा ब्रिक गेम उघडून बघे. खान्देशात यंत्र एककामी असलं तरी त्यातला सेल बहुकामीच राहिला. आणि वैशाखात पत्र्याच्या घरात हा खेळ खेळू गेलं तर पडदा काळवंडून जाई, कारण अशा पडद्यातले द्रव स्फटिक उष्णतेनं आपली रचना सोडतात. पाण्याच्या माठाशेजारी ठेवला की थोड्या वेळानं ठोकळे पुन्हा दिसू लागत. भुसावळच्या उन्हाशी खेळाच्या यंत्रांचं वैर तेव्हापासूनचं आहे. त्याची पुढची फेरी नंतर सांगतो.

शहरांतल्या व्हिडिओ गेम पार्लरांचा मजकूर मी इथं थोडक्यात उरकतो, कारण ती यंत्रं हातात मावत नव्हती. पण १९९३ च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’ला पोरं नुसतं ‘मुस्तफा’ म्हणत, आणि पुढं हातातल्या यंत्रांकडून त्यांची काय अपेक्षा होती ती तिथं तयार झाली, एवढं नोंदवायला हवं. रुपयाचं नाणं टाकलं की यंत्र तेवढा वेळ तुमचं. मध्ये कुणी बोलायचं नाही.

मग मोबाइल आला. १ मे २००३ पासून ज्यानं फोन लावला त्यानंच पैसे भरायचे हा नियम लागू झाला आणि येणारे कॉल फुकट झाले. खेड्यापाड्यांत मोबाइल पोहोचला तो या एका नियमामुळे. बोलायला पैसे नसले तरी ऐकायला फोन ठेवता येऊ लागला. त्याच सुमारास बीएसएनएलचे मनोरे उभे राहत होते, रिलायन्सनं हप्त्यांवर हँडसेट वाटले होते. घरात फोन एक, आणि तो बापाच्या सदऱ्याच्या खिशात. बाप जेवायला बसला की ताटाशेजारी फोन, आणि फोनशेजारी पोरगं. बाप हात धुऊन येईपर्यंतचा वेळ सापाचा.

हा साप १९९७ साली नोकिया ६११० मध्ये जन्मला. तानेली अर्मान्तो या अभियंत्यानं तो लिहिला तेव्हा त्याच्यासमोर होता ८४ बाय ४८ ठिपक्यांचा पडदा आणि आकड्यांची बटणं. दोन म्हणजे वर, आठ म्हणजे खाली, चार डावीकडं, सहा उजवीकडं. याहून जास्त त्या यंत्राला जमणार नव्हतं, आणि खेळानंही याहून जास्त मागितलं नाही. कॉल आला तर साप थांबे. बोलणं संपलं की ‘कंटिन्यू’ दाबायचं, साप होता तिथून पुढं निघे. खेळ हा फोनमधला भाडेकरू होता आणि साप हा भाडेकरूचे सगळे रीतिरिवाज पाळणारा होता. जागा कमी घ्यायची, वीज कमी जाळायची, मालक आला की बाजूला व्हायचं.

एन-गेजला यातलं एकही जमलं नाही. तो खोली भाड्यानं घेऊन मालकासारखा वागायला निघाला. खेळाचं कार्ड बदलायचं तर फोन बंद करून, मागचं झाकण काढून, बॅटरी उपसावी लागे, कारण कार्डाची जागा बॅटरीखाली होती. पडदा उभा, १७६ बाय २०८ ठिपक्यांचा. खेळात मात्र डावी-उजवीकडं जास्त दिसायला हवं असतं. खेळायची बटणं म्हणजे फोनचाच आकडेफळा, शेजारशेजारचे आकडे दाबताना बोटं एकमेकांत अडकत. आणि बोलायचं तर ऐकण्या-बोलण्याची छिद्रं फोनच्या कडेवर, त्यामुळे फोन कानाला चपटा न लावता कडेवर उभा धरावा लागे. खेळणाऱ्याला तो फोन वाटला आणि बोलणाऱ्याला खेळणं. निन्टेन्डोचा गेम बॉय अॅडव्हान्स तेव्हा त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळत होता, दोन सेलांवर पंधरा तास चालत होता आणि त्यावर फक्त खेळता येत होतं. तो आठ कोटींवर गेला.

नोकियानं चूक ओळखली. २००४ मध्ये एन-गेज क्यूडी काढला. कार्ड आता बाहेरून, फोन चालू असताना घालता येई. बोलण्याची बाजू सरळ केली. आणि दोन गोष्टी चक्क काढून टाकल्या: एमपीथ्री गाणी आणि एफएम रेडिओ. सगळं एकत्र देऊ म्हणणाऱ्या कंपनीनं कामं कमी करून खेळ सुधारला, हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा मला वाटतो. पण तोवर उशीर झाला होता. २००८ मध्ये नोकियानं एन-गेज हे नाव पुन्हा वापरलं, या वेळी स्वतःच्या इतर फोनांत बसवायच्या खेळांच्या दुकानासाठी, आणि तेही २०१० च्या अखेरीला बंद केलं.

इकडं खान्देशात याच वर्षांत भारनियमन चालू होतं. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडलेला, राज्यात विजेची तूट हजारो मेगावॅटची, आणि गावात दहा-बारा तास अंधार. शेतीच्या पंपांना वीज मिळे तीही पुष्कळदा रात्री. रावेर-यावलकडच्या केळीबागेत मोटार सुरू करायला मध्यरात्री निघालेल्या शेतकऱ्याच्या हातात ११०० चा टॉर्च असे. साप-विंचवाच्या वाटेवर तो उजेड म्हणजे चैन नव्हती. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे यंत्र तयार केल्यावर तर मोबाइलवरून पंप सुरू-बंदही करता येऊ लागला. म्हणजे एकाच फोनवर मुंबईच्या मुलाचा आवाज, रानातला उजेड, विहिरीवरची मोटार आणि पोराचा साप. चार्ज करायला वीज कधी येईल याचा नेम नाही. अशा घरात “ठेव रे, बॅटरी उतरी जाई!” ही हाक रोज संध्याकाळी ऐकू येई. खेळ वाईट म्हणून बाप रागावत नव्हता. बॅटरीतली वीज त्याला रात्री दोन वाजता हवी होती.

सापाच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल, की त्यानं ती वीज फारशी खाल्ली नाही. खेळामुळे टॉर्च बंद पडला असं क्वचितच घडलं असेल. ज्या यंत्राकडं खेळायला म्हणून काहीच नव्हतं त्याच्यावर खेळ टिकला, आणि ज्याच्याकडं सगळं होतं त्याच्यावर टिकला नाही, याचं कारण मला यात दिसतं.

त्यानंतर आली चायना मोबाइलची लाट. २००७ ते २००९ या काळात जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात जा, काचेखाली हे फोन ओळीनं मांडलेले असत. दोन सिम, चार स्पीकर, टीव्हीची अँटेना, टॉर्च, आणि कोपऱ्यात कुठंतरी ‘गेम्स’. काहींचा आकार सोनीच्या पीएसपीची हुबेहूब नक्कल, दोन्ही बाजूंना बटणं. आत बसवलेला असे जुन्या निन्टेन्डोची नक्कल करणारा प्रोग्रॅम आणि त्यावर मारिओ, काँट्रा. आवाज एवढा, की शेतातल्या मजुरांना एका फोनवर गाणी ऐकता यावीत. आणि ऐकलीही जात. अहिराणी गाण्यांचा बाजार व्हिसीडीवरून मेमरी कार्डावर आला तो याच फोनांमुळे. दुकानाबाहेर पाटी असे, ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’. त्याच संगणकावरून दहा-वीस रुपयांत जावा गेमही भरून मिळत. क्रिकेट, मोटारसायकल, मारामारी, पडद्याच्या मापानं निवडायचे.

हे खेळ खरं सांगायचं तर बहुतेक टाकाऊ होते. बटण दाबल्यावर गाडी वळायला क्षणभर लागे, तोवर ती भिंतीवर. नकली पीएसपीवरची बटणं आठवड्यात सैल होत. इथं तडजोड पुरेपूर होती, आणि तरीही पोरं खूश होती, कारण फोन आता मोठ्या भावाचा होता. बापाकडून मागण्यापेक्षा दादाकडून मागणं सोपं. १ डिसेंबर २००९ पासून आयएमईआय क्रमांक नसलेल्या फोनांची सेवा सरकारनं बंद करायला लावली आणि यांतले लाखो फोन मुके झाले. कॉल लागेना, पण मारिओ चालू. अशा रीतीनं काही घरांत चायना मोबाइल आपोआप खेळाचं स्वतंत्र यंत्र झाला आणि सर्वांत धाकट्या पोराच्या ताब्यात गेला. सरकारी आदेशातून गेम बॉय तयार झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

ज्याची नक्कल चालली होती तो खरा पीएसपी सोनीनं १२ डिसेंबर २००४ रोजी जपानात आणला होता. त्यावर छोट्या तबकडीवरचे सिनेमे दिसत, गाणी वाजत, पुढं इंटरनेटही आलं. सुंदर यंत्र. पण आत सतत फिरणारी तबकडी, त्यामुळे खेळ उघडायला वेळ लागे आणि बॅटरी चार-सहा तासांत संपे. त्याच हिवाळ्यात आलेला निन्टेन्डो डीएस दिसायला ओबडधोबड, दोन पडद्यांचा, आणि खेळापलीकडं फारसं काही न करणारा. डीएस १५ कोटी ४० लाख विकला गेला, पीएसपी आठ कोटींच्या आसपास. आठ कोटी म्हणजे अपयश नव्हे, एन-गेजच्या रांगेत पीएसपीला बसवणं अन्यायाचं होईल. पण कौल पुन्हा त्याच बाजूला गेला.

जळगावात पीएसपी पोहोचला तो एका वळणानं. २०१२ च्या नोव्हेंबरात पीपीएसएसपीपी नावाचा मोफत प्रोग्रॅम निघाला, जो साध्या अँड्रॉइड फोनवर पीएसपीचे खेळ चालवी. वर्ष-दोन वर्षांत फोन जरा दमदार झाले आणि कॉलेजातल्या पोरांच्या फोनवर ‘टेकन’, ‘गॉड ऑफ वॉर’ दिसू लागले. सोनीनं पीएसपी बनवणं थांबवलं २०१४ मध्ये, आणि ज्या गावांनी ते यंत्र कधी डोळ्यानं पाहिलं नव्हतं तिथं त्याचे खेळ नंतर कित्येक वर्षं चालले. बटणं मात्र काचेवर काढलेली. अंगठ्याखाली काहीच जाणवत नाही, आणि अंगठा पडद्याचा पाव भाग झाकतो. असे खेळ उतरवून घेणं कायद्यात बसणारं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. गोलाणी मार्केटच्या पायऱ्यांवर तो विचार कुणी केल्याचं दिसलं नाही.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि मालकीचा प्रश्न सुटला. डेटा फुकट, फोन स्वस्त, आणि पहिल्यांदाच फोन पोराचा स्वतःचा. मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल आलं. संगणकावरचा खेळ फोनवर बसवताना काय काय सोसावं लागतं हे त्यात उघड दिसत होतं: वस्तू आपोआप उचलल्या जात, नेम थोडा आपोआप लागे. शंभर खेळाडू एका बेटावर उतरत. ज्यांच्या फोनात दम नव्हता त्यांच्यासाठी २०१९ मध्ये ‘लाइट’ आवृत्ती आली, त्यात बेट लहान आणि खेळाडू ६०. याच धाटणीच्या फ्री फायर या खेळात ५०, डाव दहा मिनिटांचा. खेड्यातल्या स्वस्त फोनांवर फ्री फायर जास्त चाललं, त्याचं कारण आवड नव्हतं, रॅम होतं.

आता उन्हाची राहिलेली गोष्ट. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढं जातो. अॅपलसारखी कंपनी आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश तापमान सांगते. फोनला पंखा नसतो. तो खिशात मावावा, पाण्याधुळीतून वाचावा म्हणून बंद डबीसारखा केलेला असतो. खेळताना आतला प्रोसेसर तापतो, तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, पडदा मंद होतो, आणि ऐन चकमकीत चित्र अडखळतं. चार्जर लावून खेळलं तर आणखी तापतो. खेळासाठी खास बनवलेल्या निन्टेन्डो स्विचमध्ये आणि २०२२ च्या स्टीम डेकमध्ये पंखा असतो. कारण त्यांना खिशात मावायचं नसतं. आमच्याकडं पोरांनी कूलरसमोर बसून खेळायला सुरुवात केली. मग बाजारात फोनच्या पाठीला चिकटवायचे पंखे आले, कडेला लावायचे ट्रिगर आले, घामानं बोट अडखळू नये म्हणून बोटात घालायच्या टोप्या आल्या. एन-गेजला जे एका अंगात जमलं नाही ते पोरं सुटं-सुटं विकत घेऊन फोनला जोडू लागली: बटणं, थंडावा, पकड. तडजोड होते की नाही याबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी मे महिन्यात मोबाइलच्या दुकानातला हा कप्पा बघावा.

स्विचबद्दल एक वाक्य. मार्च २०१७ मध्ये आलेल्या त्या यंत्रात निन्टेन्डोनं इंटरनेट बघायचा ब्राउझरही ठेवला नाही, ते पंधरा कोटींवर विकलं गेलं, आणि भारतात कंपनीनं ते अधिकृतपणे आणलंच नाही.

फोन पोराचा झाला असं मी म्हटलं, पण ते सुख टिकलं नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि जूनपासून शाळा फोनवर आली. दोन भावंडं, एक फोन, सकाळी एकाचा तास, दुपारी दुसरीचा. यंत्र पुन्हा घराचं झालं. फरक इतकाच, की पूर्वी खेळताना सापडलं तर सापडलं. आता बाईंचा आवाज चालू ठेवून खाली खेळ चालवता येत होता, आणि बघणाऱ्याला पोरगं अभ्यासाला बसलेलंच दिसे. खेळासाठी अभ्यासानं माघार घेतली. साप असता तर हे झालं नसतं, कारण तो बाजूला व्हायचा.

२ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं ११८ अॅपवर बंदी घातली, त्यात पबजी होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेलं. पबजीचा भारतीय अवतार बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये काढला गेला, मे २०२३ मध्ये परत आला, तो अठराखालच्यांना दिवसाला तीन तास आणि बाकीच्यांना सहा तास अशी मर्यादा घेऊन. महिनोन् महिने खेळून मिळवलेली पायरी, पैसे देऊन घेतलेले कपडे, सगळं एका आदेशावर अवलंबून. जत्रेतून आणलेला ब्रिक गेम कुठल्याही सरकारला असा रातोरात बंद करता आला नसता. फोन आपला असला तरी त्यातला खेळ आपल्या मालकीचा नाही, हे अनेकांना त्या सप्टेंबरात पहिल्यांदा कळलं.

फोनवर काम चाललं आहे की खेळ, हा प्रश्न तर जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत जाऊन पोहोचला. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप विरोधकांनी चित्रफीत दाखवून केला. कोकाटे यांनी तो फेटाळला. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बाजूला सारत होतो, असं त्यांचं म्हणणं. मला इथं न्यायनिवाडा करायचा नाही. कॅल्क्युलेटरवर खेळणारं पोरगं लांबूनही ओळखू येई. फोनकडं बघणारा माणूस काय करतो आहे हे मात्र शेजाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि त्या माणसाचं म्हणणं खरं असलं तरी त्याला ते सिद्ध करता येत नाही. ३१ जुलैला त्यांचं खातं बदललं. शेती गेली आणि क्रीडा खातं आलं. ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या अॅपवर देशभर बंदी आली.

धुळे-जळगावातल्या वाचकांना एक विनंती आहे. माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या पाकिटांच्या डब्यात एखादा ब्रिक गेम, ११०० किंवा बटणं सैल झालेला चायना मोबाइल पडला असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. कुणी आणला, कुठल्या जत्रेतून किंवा कुठल्या दुकानातून, आणि घरात तो कुणाचा होता, एवढं एका चिठ्ठीवर लिहून त्याच्याबरोबर ठेवा. आतले सेल मात्र आधी काढून टाका, ते पाझरतात.